पाठीतली भूल आणि बाळंतिणीची डोकेदुखी : दोष उशीचा की सुईचा?

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. सकाळचा दवाखाना आटोपत आला होता. एक ओळखीच्या बाई घाईघाईने आत आल्या. मुलीचे पहिले बाळंतपण, म्हणून ती माहेरी आलेली. जिल्ह्याच्या गावी एका इस्पितळात सिझेरियन झाले, मुलगा झाला, पाचव्या दिवशी मायलेकरांना घरी आणले. सगळे आनंदात, पण बाईंचा चेहरा उतरलेला.

"डॉक्टर, पोरगी उठूनच बसत नाही हो. आडवी असली की हसते, बोलते. बसवलं की दोन मिनिटांत डोकं गच्च धरते, उलटी काढते. बाळाला मांडीवर घ्यायचं म्हटलं की रडू लागते. तिच्या सासूबाई आल्यात बघायला. त्या म्हणतात, आमच्या वेळी आम्ही दहाव्या दिवशी कामाला लागलो, हिला नुसतं लोळायला पाहिजे. माझी नणंद म्हणते, कानात वारं शिरलं. मी काय करू?"

मी त्यांच्याबरोबरच घरी गेलो. खोलीच्या खिडक्या बंद, कोपऱ्यात शेगडी, मुलीच्या डोक्याला घट्ट फडके. रक्तदाब तपासला, तो ठीक होता. ताप नव्हता, पायांवर सूज नव्हती, टाके कोरडे होते. तिला हळूच उठवून बसवले. मिनिटभरातच कपाळ आणि मानेची मागची बाजू ठणकू लागली, कान बंद झाल्यासारखे वाटू लागले. पुन्हा आडवे केले, तशी पाच मिनिटांत कळ ओसरली.

"भूल पाठीत इंजेक्शन देऊन दिली होती का गं?" मी विचारले.

"हो काका. दोन-तीनदा टोचावं लागलं." मग जरा थांबून ती हळू आवाजात म्हणाली, "मला सांगितलं होतं, चोवीस तास मान उचलायची नाही, उशी घ्यायची नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे आले, तेव्हा मी थोडी उठून बसले. म्हणून झालं का हे? माझीच चूक झाली का?"

वाचकहो, हा प्रश्न मी आजवर किती बाळंतिणींच्या तोंडून ऐकला असेल याची गणती नाही. आजचा लेख त्याच प्रश्नाच्या उत्तरासाठी आहे. ते उत्तर आधीच देऊन टाकतो. नाही, चूक तिची नव्हती आणि उशीचीही नव्हती. ही डोकेदुखी टाळण्याची खरी वेळ सुई पाठीत जाण्याआधीची आणि जातानाची असते. सुई बाहेर निघाल्यावर टाळण्यासारखे फारच थोडे उरते.

पाठीतली भूल म्हणजे काय?

आज महाराष्ट्रात दर चार बाळंतपणांमागे साधारण एक सिझेरियन होते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हे दिसून आले. यातल्या बहुतेक शस्त्रक्रिया कमरेखालचा भाग बधिर करून, म्हणजे पाठीतल्या भुलीवर होतात. डॉक्टर मंडळी तिला 'स्पायनल' म्हणतात.

आपला मेंदू आणि त्यातून पाठीच्या कण्यात उतरणारा मज्जारज्जू हे दोन्ही एका पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतात. बोलीत आपण त्याला पाठीतले पाणी म्हणतो. हे पाणी एका चिवट आवरणाच्या पिशवीत भरलेले असते. मज्जारज्जू कमरेच्या वरच्या भागातच संपतो. त्याच्याही खाली, कमरेच्या दोन मणक्यांमधल्या फटीतून भूलतज्ज्ञ एक बारीक सुई आत घालतात, पिशवीला भोक पाडून पाण्यात औषधाचे थोडे थेंब सोडतात आणि सुई काढून घेतात. काही मिनिटांत पाय जड होतात, पोट बधिर होते. आई जागी असते आणि बाळाचा पहिला टाहो स्वतःच्या कानांनी ऐकते.

पूर्ण भुलीपेक्षा ही भूल गरोदर बाईला सहसा अधिक सुरक्षित असते. पूर्ण बेशुद्धीत पोटातले अन्न उलटून श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो, आणि दिवस भरलेल्या बाईच्या श्वासनलिकेत नळी घालणेही जास्त अवघड असते. तेव्हा डोकेदुखीच्या भीतीने कोणी पाठीतल्या भुलीला नकार देऊ नये, हे सुरुवातीलाच सांगतो. 'पाठीत सुई घेतली की जन्माची कंबर धरते' हा समजही खरा नाही. टोचल्या जागी चार-आठ दिवस दुखते. त्यापुढची कंबरदुखी बहुधा गरोदरपणात कमरेवर पडलेला ताण आणि बाळाला घेऊन वाकून बसणे यांतून येते.

मग डोके का दुखते?

पाण्याने भरलेल्या पिशवीला सुईने टोचले तर काय होईल? सुई काढल्यावर भोकातून पाणी झिरपत राहील. इथेही तेच होते. बहुतेक वेळा भोक इतके बारीक असते की ते आपोआप मिटते आणि कोणाला काही कळतही नाही. भोक मोठे राहिले, तर पाणी नव्याने तयार होण्याच्या वेगापेक्षा जास्त वेगाने बाहेर झिरपते.

मेंदूचे वजन साधारण दीड किलो. पण पाण्यात तरंगत असल्यामुळे त्याचा भार जेमतेम पन्नास ग्रॅमइतकाच जाणवतो. विहिरीत बुडालेली कळशी पाण्यात असेपर्यंत हलकी लागते आणि पाण्याबाहेर येताच जड होते, तसेच हे आहे. पाणी कमी झाले की उठून बसल्यावर मेंदूचा आधार कमी पडतो, तो किंचित खाली ओढला जातो आणि भोवतालच्या आवरणांवर व रक्तवाहिन्यांवर ताण येतो. कमी झालेल्या पाण्याची जागा भरून काढण्यासाठी रक्तवाहिन्या फुगतात, त्यानेही ठणका लागतो. आडवे झाले की ताण सुटतो आणि कळ थांबते. बसले की दुखते आणि निजले की थांबते, ही या दुखण्याची मुख्य खूण आहे.

हे दुखणे बहुधा पहिल्या तीन दिवसांत सुरू होते, क्वचित चौथ्या-पाचव्या दिवशी. मान आखडणे, कानात गुणगुणणे किंवा कमी ऐकू येणे, उजेड सहन न होणे, मळमळणे ही त्याची सोबत. कधीकधी एकाच्या दोन वस्तूही दिसतात. तरुण बायकांत आणि गरोदरपणात हा त्रास जास्त होतो, म्हणून बाळंतिणी त्यात नेमक्या सापडतात.

कील गावचे नऊ दिवस

या दुखण्याची पहिली नीट नोंद ज्याने केली, तो स्वतःच त्याचा रुग्ण होता. जर्मनीतील कील या गावी आउगुस्ट बिअर नावाचे शल्यचिकित्सक होते. त्यांनी ऑगस्ट १८९८ मध्ये पाठीत कोकेनचे इंजेक्शन देऊन शस्त्रक्रिया करण्यास सुरुवात केली. भूल छान लागली, पण काही रुग्णांना नंतर डोकेदुखी आणि उलट्या झाल्या. हे का होते ते पाहण्यासाठी २४ ऑगस्ट रोजी बिअर यांनी आपल्या हिल्डेब्रांट नावाच्या सहायकाकडून स्वतःच्याच पाठीत सुई घालून घेतली. पण सिरिंज सुईवर नीट बसेना. औषध बाहेर सांडले आणि बिअर यांच्या पाठीतले पाणीही बरेच वाहून गेले. मग त्यांनी हिल्डेब्रांटच्या पाठीत भूल दिली आणि ती नीट लागली. त्याच्या पायावर हातोडीचे घाव घातले, पेटती सिगार टेकवली, तरी त्याला दुखले नाही.

दोघांनी त्या रात्री आनंदाने जेवण केले. पुढे मात्र बिअर यांचे डोके दुखू लागले. उठले की चक्कर आणि कळ, आडवे झाले की आराम. असे नऊ दिवस त्यांना अंथरुणावर काढावे लागले. पाणी वाहून गेल्यामुळेच हे झाले असावे, असा तर्क त्यांनी तेव्हाच केला होता आणि तो बरोबर निघाला.

इतका मोठा डॉक्टर नऊ दिवस उठू शकला नाही, त्याला कोणी आळशी म्हटले नाही. मग पोटावर टाके असलेल्या, रात्री दर दोन तासांनी बाळाला पाजणाऱ्या आपल्या मुलीला किंवा सुनेला आपण आळशी का म्हणावे?

उशीवरचा खोटा आळ

पाणी भोकातून झिरपते, उभे राहिल्यावर दुखते. तेव्हा चोवीस तास सपाट झोपवून ठेवले तर डोकेदुखी होणारच नाही, असा सरळ हिशेब जुन्या डॉक्टरांनी केला. मीही १९९० च्या दशकात इंटर्नशिप करताना वॉर्डातल्या बाळंतिणींच्या डोक्याखालची उशी काढून घेत असे. एखादीने चोरून उशी घेतली तर तिच्यावर रागावतही असे. आज त्याची लाज वाटते.

कारण हा हिशेब तपासून पाहिला तेव्हा चुकीचा ठरला. सुई टोचल्यावर लगेच उठवलेले आणि सक्तीने झोपवून ठेवलेले अशा रुग्णांची तुलना करणारे बरेच अभ्यास जगभर झाले. कॉक्रेन या संस्थेने २०१६ साली असे २४ अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यांत सुमारे तीन हजार माणसे होती. सक्तीने झोपवून ठेवल्याने डोकेदुखी टळते असे आढळले नाही. उलट झोपवून ठेवलेल्यांत ती थोडी जास्तच दिसली. जादा सलाईन देऊन किंवा तांब्याने पाणी पाजूनही ती टळते असा पुरावा मिळाला नाही.

झोपल्याने दुखणे तेवढ्यापुरते झाकले जाते, भोक मात्र तसेच राहते. शिवाय सपाट पडून राहिल्याचे तोटे असतात ते वेगळेच. बाळाला पाजायला उशीर होतो, पायाच्या शिरांत रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो, छातीत कफ साचतो. म्हणून पायांत पूर्ण ताकद आली, नर्सने रक्तदाब पाहिला आणि डॉक्टरांनी परवानगी दिली की बाळंतिणीने आधार घेऊन उठावे, उशी घ्यावी, बाळाला जवळ घ्यावे. पहिल्यांदा उठताना मात्र सोबत कोणीतरी हवेच, नाहीतर चक्कर येऊन पडायची भीती असते.

खरी गोम सुईत

मग टाळायचे कसे? याचे सर्वांत मोठे उत्तर सुईत आहे. तिची जाडी किती आणि टोक कसे, या दोन गोष्टी.

सुईची जाडी 'गेज'मध्ये मोजतात. यातली गंमत अशी की आकडा जितका मोठा, तितकी सुई बारीक. २२ गेजची सुई सुमारे ०.७ मिलिमीटर जाडीची, २५ गेजची ०.५, तर २७ गेजची ०.४ मिलिमीटर. माझ्या इंटर्नशिपच्या काळात आम्ही वाफेवर निर्जंतुक करून पुन्हा पुन्हा वापरलेल्या जाड सुया पाहिल्या आहेत. त्यांची टोके बोथट झालेली असत. तेव्हा वॉर्डात डोके धरून पडलेली एखादी तरी बाळंतीण नेहमीच असे, आणि दोष मात्र उशीला जाई.

दुसरी गोष्ट टोकाची. जुन्या पद्धतीच्या सुईचे टोक तिरके कापलेले आणि धारदार असते. ते आवरणाला चिरत आत जाते. नव्या सुईचे टोक शिसपेन्सिलीसारखे निमुळते असते आणि औषध सोडायचे छिद्र टोकाच्या जरा मागे, बाजूला असते. ही सुई आवरणाचे तंतू कापण्याऐवजी बरेचसे बाजूला सारून आत शिरते. सुई निघाली की तंतू पुन्हा जवळ येतात. गोणपाटात दाभण खुपसून काढला तर धागे सरकून भोक बरेचसे मिटते, पण चाकूने भोसकले तर चीर तशीच राहते. फरक साधारण तसाच.

या पेन्सिलीच्या टोकाच्या सुईची कल्पना नवीन नाही. अमेरिकेत हार्ट आणि व्हिटेकर यांनी ती १९५१ साली मांडली. जर्मनीतल्या श्प्रोटे यांनी १९८७ मध्ये तिचा आणखी एक प्रकार आणला. 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात २०१८ साली ११० अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. पाठीत सुई टोचलेली एकतीस हजारांहून जास्त माणसे त्यात होती. सगळ्याच काही बाळंतिणी नव्हत्या. जुन्या टोकाच्या सुईने शंभरातल्या ११ जणांना डोकेदुखी झाली, पेन्सिली टोकाच्या सुईने सुमारे चौघांना. पाठीत औषध सोडण्याचे काम मात्र दोन्ही सुयांनी सारखेच झाले. सुई बारीक आणि पेन्सिली टोकाची, अशी दोन्ही असली की सिझेरियनमध्येही हे प्रमाण बरेच खाली येते.

अशा सुईची किंमत थोडी जास्त असते. पण सिझेरियनच्या एकंदर खर्चापुढे ती काहीच नाही. बारशाच्या पेढ्यांवर आपण त्याहून जास्त खर्च करतो.

सुईशिवाय आणखी काही गोष्टी भूलतज्ज्ञांच्या हातात असतात. जुन्या टोकाचीच सुई वापरायची असेल, तर तिची धार पाठीच्या उभ्या रेषेत ठेवली की डोकेदुखी कमी होते. जितक्या कमी वेळा टोचावे लागेल तितके बरे. सुई काढण्याआधी तिच्यातली तार परत आत घालणे हीसुद्धा एक चांगली सवय समजली जाते.

बाळंतिणीच्या हातात काय?

फार थोडे, पण महत्त्वाचे. पाठ जितकी चांगली वाकेल, तितकी मणक्यांमधली फट जास्त उघडते आणि पहिल्याच प्रयत्नात सुई बसण्याची शक्यता वाढते. टेबलावर बसवले की हनुवटी छातीला लावावी, खांदे सैल सोडावेत, पाठीचा मधला भाग मांजरासारखा बाहेर काढावा आणि सांगितले की हलू नये. मध्येच कळ आली तर आधी तोंडाने सांगावे, अंग झटकू नये. भूलतज्ज्ञ कळ जाईपर्यंत थांबतात.

दुसरे म्हणजे माहिती द्यावी. आधीच्या बाळंतपणात भुलीनंतर असे डोके दुखले होते का, अर्धशिशीचा त्रास आहे का, पाठीचे ऑपरेशन झाले आहे का, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू आहेत का, हे भूलतज्ज्ञांना आधी सांगावे.

तिसरे म्हणजे विचारावे. नवव्या महिन्याच्या तपासणीला गेल्यावर नवऱ्याने किंवा आईने नम्रपणे एवढेच विचारावे, "डॉक्टर, सिझेरियनची वेळ आलीच, तर पाठीच्या भुलीसाठी पेन्सिलीच्या टोकाची बारीक सुई मिळेल का? बाहेरून आणायची असेल तर आम्ही आणून ठेवतो." असे विचारण्यात डॉक्टरांचा अपमान नाही. चांगल्या डॉक्टरला असा प्रश्न आवडतो. मात्र तातडीच्या सिझेरियनमध्ये बाळाचे ठोके कमी होत असताना सुईसाठी अडून बसू नये. तिथे भूलतज्ज्ञ जी सुई घेतील ती योग्यच मानावी.

एवढे करूनही काही जणींना डोकेदुखी होतेच. उत्तम सुई, उत्तम हात असूनही होते. म्हणून कोणालाही दोषी धरण्याआधी पुढचे वाचा.

डोके दुखलेच तर

पहिली गोष्ट, लपवू नका. ज्या इस्पितळात सिझेरियन झाले तिथे कळवा. बहुतेकींचे दुखणे आठवडाभरात उतरते, जवळजवळ सगळ्यांचे दोन आठवड्यांत. तोवर जेव्हा दुखेल तेव्हा आडवे व्हावे आणि बरे वाटेल तेव्हा उठावे. बाळाला कुशीवर निजून पाजावे. आईने किंवा सासूबाईंनी बाळ छातीशी लावून द्यावे, पाजून झाल्यावर उचलून ढेकर काढावी आणि पाळण्यात ठेवावे. साधी वेदनाशामक गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतली तर बाळाला दूध पाजता येते. चहा-कॉफीने थोडा वेळ आराम पडतो, पण दिवसाला दोन-तीन कपांपुढे जाऊ नये. जास्त झाली तर दुधातून बाळाला पोचते आणि बाळ झोपत नाही.

पाण्याचे मात्र जरूर सांगतो. बाळंतिणीला पाणी कमी द्यायचे, ही आपल्याकडची जुनी रीत अजून काही घरांत आहे. पाण्याने पोट सुटते, टाके ओले राहतात असे म्हणतात. हे चूक आहे. तहान लागेल तेवढे पाणी तिला मिळालेच पाहिजे. जादा पाण्याने डोकेदुखी टळत नाही हे खरे, पण पाणी तोडल्याने दूध कमी होते, रक्त दाट होते आणि ते जास्त धोक्याचे आहे.

दोन-तीन दिवसांत आराम पडत नसेल, बाई बसूच शकत नसेल, तर तिला तसेच सोसायला लावू नये. याला एक चांगला उपाय आहे. बाईच्याच हातातून पंधरा-वीस मिली रक्त काढून ते पाठीत, पाण्याच्या पिशवीच्या बाहेर, भोकाजवळ सोडतात. रक्त तिथे साकळते आणि सायकलच्या ट्यूबला पंक्चर लावावे तसे भोक बुजवते. त्याला 'ब्लड पॅच' म्हणतात. गॉर्मली नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९६० साली याची माहिती छापली. त्याने अवघे दोन-तीन मिली रक्त वापरले होते. हे काम निर्जंतुक खोलीत, भूलतज्ज्ञांनीच करायचे असते. बऱ्याच जणींना त्याच दिवशी आराम पडतो, काहींना दुसऱ्यांदा करावे लागते.

माझी एक चूक

आता जे सांगतो ते सांगायला मला अवघड वाटते, पण सांगितलेच पाहिजे. दहा-बारा वर्षांपूर्वी रात्री एका माणसाचा फोन आला. बायकोचे सिझेरियन होऊन सहा दिवस झाले होते आणि तिचे डोके खूप दुखत होते. मी एकच प्रश्न विचारला, "पाठीत भूल दिली होती का?" तो म्हणाला, "हो." मी म्हटले, "मग त्याचंच असेल. झोपवून ठेवा, कॉफी द्या, सकाळी घेऊन या."

निजल्यावर दुखणे थांबते का, हे मी विचारले नाही. डोळ्यांपुढे अंधारी येते का, हे विचारले नाही. रक्तदाब पाहायला गेलो नाही. पहाटे तिला झटके आले. नवऱ्याने गाडी करून जिल्ह्याच्या गावी नेले. तिथे रक्तदाब १८० वर होता. बाळंतपणानंतर वाढलेल्या रक्तदाबाचे ते झटके होते. वेळेवर इंजेक्शने मिळाली, ती वाचली, आज तिचा मुलगा शाळेत जातो. पण ती वाचली यात माझे काही श्रेय नाही.

म्हणून पुन्हा सांगतो, बाळंतिणीचे प्रत्येक डोके भुलीने दुखत नसते. पाठीत भूल घेतलेल्या बाईलाही दुसरे दुखणे होऊ शकते. खालीलपैकी एकही गोष्ट असेल तर रात्र असो वा पाऊस, तिला ताबडतोब मोठ्या इस्पितळात न्यावे :

१. निजूनही न थांबणारी, वाढत जाणारी किंवा एकदम कडाडून उठलेली डोकेदुखी.

२. रक्तदाब १४० / ९० किंवा त्याहून जास्त, नजर अंधुक होणे, डोळ्यांपुढे काजवे, पोटाच्या वरच्या भागात कळ, तोंडावर सूज. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत हा धोका असतो.

३. झटके, बडबड, गुंगी, हातापायातली शक्ती जाणे, बोलणे अडखळणे. मेंदूच्या शिरेत रक्त गोठल्याने असे होऊ शकते. बाळंतिणीत हा धोका एरवीपेक्षा जास्त असतो आणि पाणी तोडल्याने तो वाढतो.

४. ताप आणि ताठ झालेली मान.

५. आधी फक्त बसल्यावर दुखायचे, आता निजल्यावरही दुखते असा झालेला बदल. क्वचित पाणी कमी झाल्याने मेंदूभोवती रक्तस्राव होतो, त्याची ही खूण असू शकते.

आणि कोणतीही डोकेदुखी असो, बाळंतिणीचा रक्तदाब आधी मोजावा. ते काम गावातल्या उपकेंद्रातली नर्ससुद्धा करू शकते.

त्या मुलीचे काय झाले?

त्या दिवशी मी खोलीच्या खिडक्या उघडायला लावल्या, शेगडी बाहेर काढली, तांब्याभर पाणी तिच्या उशाशी ठेवले. हो, उशीही दिली. सिझेरियन झाले होते तिथल्या भूलतज्ज्ञांना फोन केला. त्यांनी दोन दिवस गोळ्या देऊन पाहायला सांगितले, मग बोलावून घेतले आणि ब्लड पॅच केला. दोन तास निजवून ठेवल्यावर ती उठून बसली. संध्याकाळी घरी आली ती बाळाला मांडीवर घेऊनच.

मी निघताना सासूबाई दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, "डॉक्टर, मला काय ठाऊक? आमच्या वेळी बाळंतपणं घरातच झाली, पाठीत सुई कुठली? पोरीला उगाच बोलले मी."

मी म्हटले, "मावशी, तिला सांगा हे. मला सांगून काय उपयोग?"

त्या आत गेल्या. मी चपला घालेपर्यंत आतून दोघींच्या बोलण्याचा आवाज येत होता.